पेशीपटलाची रचना आणि कार्य पाठ करण्यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं काय आहे? शेवटी ती पेशीची पिशवीच ना?

मी 12 वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवली, त्यामुळे 'पिशवीच ना' वाचल्यावर राहवलं नाही. पिशवीत जे भरशील ते पडून राहतं. पेशीपटल कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं आणि कोणाला फक्त जोडीनेच सोडायचं हे बघतं. त्या 'जोडीने' वरून आमच्या घरात अजून वाद आहे.

माझा पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता. कराडजवळ आमचं गाव, यात्रेचे दिवस, पोराने बर्फाचा गोळा खाल्ला का आणखी काय देव जाणे, संध्याकाळपासून पाण्यासारखे जुलाब सुरू. मी ओआरएसचं (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं) मोठं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं आणि चमच्याचमच्याने पाजत बसले. रात्री अकरापर्यंत त्याला दोनदा लघवी झाली, म्हणजे पाणी अंगी लागत होतं. मग माझा डोळा लागला. पहाटे उठून बघते तर पोरगं मलूल, कण्हत रडतंय पण डोळ्यात टिपूस नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहतेय. उशाशी स्टीलचं फुलपात्र, तळाला नारिंगी चिकट थर, आणि शेजारी दुसरं पाकीट रिकामं. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, पोराच्या वडिलांनीच, अख्खं पाकीट त्या एका फुलपात्रात कालवून पाजलं होतं. म्हणाले, "वहिनी, तुमचं फारच पातळ होतं. आधीच पाणी पाणी होतंय, त्यात आणखी पाणी कशाला?"

मग जीप, दवाखाना, सलाईन. दुपारपर्यंत पोराला तरतरी आली. तेव्हापासून दर दिवाळीला भाऊजींचं एकच, वहिनींच्या ओआरएसने वाढलं आणि सलाईनने पोर वाचलं.

आता ह्यात पेशीपटल कुठे आलं ते बघ. पटल म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीचे दोन थर, पाण्याशी जमणारी डोकी दोन्हीकडून बाहेर आणि पाण्याला टाळणाऱ्या तेलकट शेपट्या मधे. सगळं मिळून जाडी 7-8 नॅनोमीटर. थर दोनच असतात हे 1925 मधे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मांडलं, तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते म्हणून. त्या तेलकट मधल्या भागातून ऑक्सिजन सहज पार होतो, पण सोडियमचा आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण, त्याला तिथून वाट नाही. त्याच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात आणि आतड्यातल्या एका दाराची अटच अशी आहे की ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन बरोबर आले तरच आत सोडणार. ते आत गेले की मागोमाग पाणी जातं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला पंप असतो, तो एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, म्हणून तर सोडियमला आत यायला जागा राहते. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची दारं सताड उघडी ठेवतं, क्लोराइडमागोमाग पाणी आतड्यात येतं आणि माणूस पाण्यासारखा वाहून जातो, पण हे जोडीचं दार तेव्हाही शाबूत असतं! अख्खं ओआरएस ह्या एका दारावर चालतं. त्यातली साखर चवीसाठी नसते आणि 'ताकद यावी' म्हणूनही नसते.

आणि फुलपात्राचं गणित. नीट केलेलं ओआरएस लिटरला 245 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) असतं, रक्त 290 च्या आसपास. तेच पाकीट 200 मिलीत घातलं की 1225. म्हणजे अतिपरासारी, रक्तापेक्षा घट्ट द्रावण, पाण्यात फुगलेली मनुका घट्ट पाकात टाकल्यावर आकसते तसं पाणी अंगातून उलटं आतड्यात ओढलं जाणार आणि जुलाब वाढणार. शिवाय एवढं मीठ लहान मुलाच्या रक्तात जाणं धोक्याचं असतं ते वेगळंच.

सलाईनशिवाय भागत नाही म्हणणाऱ्यांना मी 1971 सांगते. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपातून वाटायला लावलं, पाजायचं काम नातेवाइकांनी केलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. लोक तेच होते, आतडी तीच होती आणि दारही तेच होतं, भाऊजी.

एक मात्र मान्य करते, त्या पहाटे सलाईन लागणारच होतं. पोर इतकं सुकलं असेल, पीत नसेल, सारखी उलटी होत असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर घरी चमचे मोजत बसू नये, थेट दवाखाना. आणि बाजारात 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर वाचूनच घालायचं. भाऊजींचा घोटाळा त्यातूनच झाला असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

तुझ्या परीक्षेसाठी म्हणशील तर सिंगर आणि निकोल्सन, 1972, फ्लुइड मोझेक मॉडेल, म्हणजे पटलाच्या रचनेचं त्यांनी मांडलेलं चित्र, आकृती नावांसकट. प्रथिनं थरात रुतलेली आणि सरकती दाखव, वर चिकटवल्यासारखी काढलीस तर मी तरी मार्क कापले असते.