आर्किटाइपबद्दल तुमचे प्रश्न: युंग, ललिताजी आणि धर्मराज

प्रश्न: आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. जाहिरात एजन्सीवाला म्हणतो ब्रँडसाठी युंगच्या १२ आर्किटाइपमधून ‘केअरगिव्हर’, म्हणजे काळजी घेणारी, घ्या. घेऊ का?

आधी एक सांगते, आर्किटाइप म्हणजे जगभरच्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी पात्रांची मूळ रूपं. ती कल्पना मानसशास्त्रज्ञ युंगची, पण ती १२ ची यादी त्याची नाहीच. त्याने आई, सावली, ज्ञानी म्हातारा, लबाड असे बरेच सांगितले पण डझनावर मोजून कधी दिले नाहीत. एजन्सीच्या पीपीटीत जे गोल चक्र असतं ते मार्गारेट मार्क आणि कॅरल पिअर्सन या दोघींच्या २००१ च्या पुस्तकामुळे गाजलं. कामाचं आहे ते, फक्त युंगच्या नावाने बिल वाढवू देऊ नका.

आता तुमचं. मसाला म्हटलं की जो तो प्रेमळ आजी काढतो, त्यात तुमची आजी कुठली ते कोणाला कळणार? सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी आठवा. निरमा स्वस्तात विकून सर्फचं गिऱ्हाईक ओढत होतं तेव्हा जाहिरातकार अलीक पदमसींनी ही बाई आणली. तीही घर सांभाळणारीच, म्हणजे चक्रात बसवायची तर केअरगिव्हरच्या खणातच जाईल, पण ती गोडगोड हसत नाही, भाव करते आणि वर आपल्यालाच हिशोब ऐकवते. पदमसी सांगायचे की ती त्यांना स्वतःच्या आईवरून सुचली, घरात पैसा असूनही भाजीवाल्याशी घासाघीस करणारी. म्हणून लोकांच्या लक्षात राहिली! तेव्हा केअरगिव्हर खुशाल घ्या, पण तुमच्याकडे मसाला भाजणारी जी कोण आहे ती मिरची जळली की काय बोलते ते लिहून एजन्सीला द्या.

प्रश्न: आर्किटाइप आणि स्टिरिओटाइप एकच ना?

नाही. मराठी समीक्षेत आर्किटाइपला आदिबंध म्हणतात. युंग म्हणायचा की तो स्फटिकाच्या रचनेसारखा असतो, द्रवात दिसत नाही पण खडा कसा जमणार ते ठरवतो. म्हणजे आकार मिळतो, माल तुमचा. तोच जमलेला खडा सगळ्यांनी उचलून वापरला की झाला स्टिरिओटाइप, सिरियलमधली खाष्ट सासू बघा.

प्रश्न: कथा लिहितेय. हिरो एकदम सज्जन आहे पण मैत्रिणी म्हणतात बोअर होतो. व्हिलन अजून डेंजर करू का?

व्हिलनला हात लावू नका, हिरोची सावली शोधा. सावली म्हणजे माणूस स्वतःतलं जे मान्यच करत नाही ते. युधिष्ठिर बघा ना, एवढा धर्मराज पण फासे दिसले की सुटला, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी, सगळं पणाला. शकुनी लबाड होताच, पण खेळायला बसला कोण? तुमच्या हिरोचे फासे कुठले ते ठरवा.

प्रश्न: कॅम्पबेलच्या हिरोच्या प्रवासाचे सगळे टप्पे घ्यावेच लागतात का?

अजिबात नाही. कॅम्पबेल हा पुराणकथांचा अभ्यासक. हिरो घर सोडतो, संकटांतून जातो आणि बदलून परततो, त्या प्रवासाचे त्याने १९४९ मध्ये १७ टप्पे मांडले ते जगभरच्या जुन्या कथा वाचून, आणि त्यातल्या कितीतरी कथांमध्येसुद्धा सगळे सापडत नाहीत. पहिला ड्राफ्ट तर यादी मिटूनच लिहा, कुठे अडलात तर उघडा.