दोन वाजता थांब

प्रिय पोरी,

परवा तू गेल्यावर तुझा तो मोटरसायकलवरून लेहला जायच्या बेताचा कागद जेवणाच्या टेबलावरच राहिला. काकूने त्यावर पोळ्यांचा डबा ठेवला, त्यामुळे मधोमध तेलाचा डाग पडलाय. पण नेमकी जी ओळ पुसली जायला हवी होती ती मात्र लख्ख दिसतेय. दिवस दुसरा, मनाली ते सरचू, पोहोचणे रात्री ८.३०.

त्या रात्री साडेआठने माझी झोप उडवली, म्हणून हे पत्र.

गाडी कुठली घेऊ, हे तू तीनदा विचारलंस. ग्रुपबरोबर जाऊ की एकटी, हे दोनदा. किती वाजता थांबू, हे एकदाही नाही. मुंबईतली सगळी पोरं अशीच. चार महिने टायर, हेल्मेट, जॅकेट यावर खल करतात आणि घड्याळाचा विचार पठाणकोट ओलांडल्यावर. गाडी तुझ्याकडे आहे तीच ने. तिची क्लच केबल तुला स्वतःला बदलता येते का, एवढंच मला सांग.

आता नीट वाच. त्या रस्त्यावर दुपारी दोनच्या पुढे गाडी चालवायची नाही. दोन वाजले की थांबायचं. हवा कितीही छान असो, अंगात कितीही दम असो, पुढचा मुक्काम 'फक्त चाळीस किलोमीटर' असो. पहाटे पाचला निघ, हवं तर साडेचारला. पण दोन म्हणजे दोन.

का, ते तुला समुद्राच्या भाषेत सांगतो, कारण आपण चौपाटीची माणसं. तिकडच्या नाल्यांनाही रोज भरती येते. रात्री बर्फ गोठतं, पहाटे नाल्यात घोट्याएवढं पाणी असतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारी त्याच जागी गुडघाभर पाणी खळाळत असतं. तळातले गोटे हलतात, पाणी गढूळ, त्यामुळे खड्डा कुठे ते दिसत नाही. सकाळी आधी चालत जाऊन तळ चाचपता येतो. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, क्लच दाबायचा नाही आणि नजर पलीकडच्या काठावर. दुपारी यातलं काही चालत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नकोस. बाहेर ढकल, प्लग काढ, आतलं पाणी बाहेर येऊ दे.

हे शेवटचं मी पुस्तकात वाचलेलं नाही. २६ जुलै २००५ ला शिकलो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस, तू तेव्हा बालवाडीत असशील. सगळे म्हणत होते, ऑफिसातच थांब. मी चार वाजता कुर्ल्याच्या पाण्यात गाडी घातली. इंजिनाने पाणी ओढलं आणि मी रात्रभर गाडी ढकलत पहाटे मुलुंडला पोहोचलो. एवढं झाल्यावर माणसाने शहाणं व्हावं की नाही? मी नाही झालो. पुढच्याच वर्षी तोच गाढवपणा हिमालयात केला.

२००६. आम्ही तिघं, गाड्या दोन. तेव्हा अटल बोगदा नव्हता, तो २०२० साली झाला. रोहतांगच्या चिखलात ट्रकांमागे अर्धा दिवस गेला. तांदीच्या पंपावर ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पेट्रोल पंप ३६५ किलोमीटरवर, तिथे फोटो काढण्यात आणखी अर्धा तास. दारचा गावी पोहोचेपर्यंत तीन वाजले. ढाबेवाला म्हणाला, आज इथेच झोपा. माझा मित्रही म्हणाला, डोकं जड वाटतंय. आणि मी काय म्हणालो? 'चहा घे, उतरेल.'

झिंगझिंगबारच्या पुढच्या नाल्यात त्याची गाडी आडवी झाली. बूट, मोजे, हातमोजे, सगळं ओलंचिंब. बारालाचा ला ('ला' म्हणजे तिकडची खिंड) उतरताना अंधार पडला. सरचूच्या तंबूत तो रात्रभर ओकत होता. पहाटे स्वेटरची बटणं लावायला गेला तर बोटांना बटण सापडेना. तो बटण शोधतोय आणि मी कंदील धरून बघतोय, हे अजून दिसतं मला.

आता सरचूची गोम ऐक, कारण तुझ्या कागदावर नेमकं तेच ठिकाण आहे. उंचीचा त्रास वाढला तर खरं औषध एकच, खाली उतरणं. पण सरचू ४,३०० मीटरच्या आसपास, आणि तिथून सुटायचं तर मनालीकडे जवळजवळ ४,९०० मीटरचा बारालाचा, लेहकडे ५,००० च्या वरचा लाचुंग ला. म्हणजे खाली जायला आधी वर चढायचं! मुंबईचं पोर समुद्रसपाटीवरून निघून तिसऱ्या-चौथ्या रात्री तिथे झोपायला जातं, ते दारातून आत शिरून बाहेरून कडी लावून घेण्यासारखं आहे. एका ट्रकवाल्याने माझ्या त्या मित्राला केबिनमध्ये घालून केलांगला नेलं म्हणून तो वाचला. नंतर त्याने गाडी विकली. मला कधी बोलला नाही एका शब्दाने, तेच जास्त लागतं.

तेव्हापासून दोन वाजता थांबतो. ग्रुपमध्ये मला 'दोनवाले काका' म्हणतात, तुझ्या कानावर आलं असेलच. २०१३ ची गोष्टही आली असेल, तिखटमीठ लावून. आम्ही सहाजण होतो. मी सगळ्यांना दारच्याच्या अलीकडे जिस्पाला दोन वाजता थांबवलं. ऊन पडलेलं, आभाळ निळंशार. दोघं माझ्याशी भांडून पुढे गेले. रात्री बर्फ पडलं, खिंड बंद झाली, आमच्या रजा संपल्या आणि आम्ही चौघं लेह न बघता परत आलो. ते दोघं मात्र व्यवस्थित पोहोचले. तांगलांग लाच्या पाटीपाशी हसत उभे असलेला फोटो आजही त्यांच्या व्हॉट्सॲपवर आहे.

पोहोचले, मान्य आहे. पण म्हणून ते बरोबर होते का? रस्ता ओलांडताना डोळे मिटणारा माणूसही कधीकधी पलीकडे पोहोचतो. त्या चौघांतला एक अजून माझ्या घरी येत नाही, त्याचे गुडघे आता गेले, त्याचं लेह राहिलं ते राहिलंच. मला वाईट वाटतं. तरी उद्या पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी मी थांबेन, आणि त्यालाही थांबवेन. असो. हे तुला का सांगत बसलोय!

तुझा कागद. मनालीकडून जाऊच नकोस, येताना ये तिकडून. गाडी रेल्वेने जम्मूला पाठव, टाकी रिकामी करून आणि पार्सलवाल्यासमोर उभी राहून गोणपाट नीट गुंडाळून घे. तिथून श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल, लेह. या वाटेने झोपायच्या जागा हळूहळू चढतात. कारगिल २,७०० मीटरच्या आत, लेह ३,५००, आणि मधला सगळ्यात उंच फोटू लाही ४,१०८ वरच. लेहला दोन रात्री काही करायचं नाही. बाजारात हिंडायचं, भरपूर पाणी प्यायचं. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड घे. आणि उमलिंग ला खोडून टाक. १९,०२४ फुटांच्या पाटीशी फोटो काढायला बारा दिवसांच्या रजेतले तीन जाळायचे? खोड म्हणतोय ना.

ग्रुप की एकटी? एकटी नको. नाल्यात पडलेली गाडी पाठीवर सामान असलेल्या एका माणसाने उचलत नाही. पण ग्रुपला आधी विचार, दोनला थांबणार का. हसले तर दुसरे शोध. दोनच मिळाले तरी पुरेत, दोघांत एकाला पंक्चर काढता आलं म्हणजे झालं. तुझ्या त्या टीम लीडरला माझं नाव सांगू नकोस, तो २०१३ वाल्यांपैकी एकाचा भाचा आहे.

रविवारी गाडी घेऊन ये, सकाळी सातला, सोसायटीत लोक गाड्या धुवायला उतरायच्या आत. मागचं चाक काढणं, ट्यूब बदलणं, क्लच केबल ओवणं, सगळं तू करायचंस, मी खुर्ची टाकून बसणार. काकू थालीपीठ करणार आहे. जे काय शिकायचं ते दोनच्या आत, नंतर मी झोपतो.

तुझा,
काका