वाचकांचे प्रश्न : छतावरचे पाणी टाकीत शिरण्याआधी

प्रश्न : आमच्या घराचे छत सुमारे १०० चौरस मीटरचे आहे. त्यावर पडणारे पावसाचे पाणी बागेसाठी साठवायचे आहे. टाकी किती लिटरची घ्यावी?

उत्तर : छतावरून किती पाणी मिळेल, हा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे २० मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत तुमच्या छतावर २,००० लिटर पाणी पडते, आणि उडून गेलेले, छतात मुरलेले व पन्हळीबाहेर सांडलेले वजा केले, तरी पत्र्याच्या किंवा पक्क्या गच्चीवरून त्यातले ८० ते ९० टक्के हाती लागते. छत उतरते असेल तर उताराची लांबी मोजू नका. वरून पाहिल्यावर छताने जमिनीची जेवढी जागा झाकली आहे, तेवढेच क्षेत्रफळ धरा.

मात्र टाकीचा आकार छतावरून ठरवू नये, दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांवरून ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कडक उन्हाच्या दिवसांत २० चौरस मीटरच्या वाफ्यांना रोज ५ मिलिमीटर, म्हणजे १०० लिटर पाणी लागेल असे धरू. पावसात पंधरा दिवसांचा खंड पडत असेल, तर १,५०० लिटरची टाकी पुरते, कारण ती पुन्हा पुन्हा भरत राहते. पाऊस एकाच मोसमात पडत असेल आणि त्यानंतर चार महिने कोरडे जात असतील, तर हाच आकडा १२,००० लिटरवर जातो. असे असेल तर सगळा उन्हाळा टाकीवर काढण्याचा हट्ट सोडून रोपवाटिका आणि कुंड्यांपुरते पाणी साठवणे अधिक शहाणपणाचे ठरते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : १,००० लिटर पाण्याचे वजन एक टन होते. त्यामुळे टाकीखालचा ओटा पक्का व सपाट हवा, आणि टाकी गच्चीवर ठेवायची असेल तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवू नये.

प्रश्न : गेल्या वर्षी टाकी बसवली. पाणी महिनाभरात हिरवट झाले आणि त्याला वास येऊ लागला. टाकी दोनदा धुतली, तरी पुन्हा तेच झाले. काय चुकते आहे?

उत्तर : दोष बहुधा टाकीच्या आधी आहे. हिरवटपणा शेवाळाचा असतो आणि शेवाळाला उजेड लागतो, त्यामुळे टाकी फिकट किंवा अर्धपारदर्शक असेल तर ती झाका किंवा तिला गडद रंग द्या. वास येतो तो तळाशी कुजणाऱ्या पानांचा, विष्ठेचा आणि धुळीचा, आणि हा माल प्रत्येक पावसाच्या पहिल्या काही मिनिटांत छतावरून धुऊन खाली येतो.

हे पहिले पाणी वेगळे काढण्याची साधी सोय अशी असते : पन्हळीकडून येणाऱ्या नळाला, टाकीकडे वळण्याआधी, खाली एक उभी नळी जोडतात. गढूळ पाणी आधी त्या नळीत भरते. पाण्याबरोबर वर येणारा तरंगता चेंडू नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो, आणि मगच पुढचे स्वच्छ पाणी टाकीकडे वळते. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यातून साचलेले पाणी काही तासांत ठिबकून जाते आणि नळी पुढच्या पावसासाठी रिकामी होते. हे छिद्र गाळाने बुजते, किंवा कोणीतरी ती गळती समजून ते बंद करून टाकते, आणि मग सगळी योजना असून नसल्यासारखी होते.

दुसरी चूक मापाची असते. सुरुवातीचा निदान एक मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा म्हटले, तर १०० चौरस मीटर छताचे १०० लिटर पाणी बाजूला काढावे लागते. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत एका मीटर लांबीला जेमतेम ८ लिटर पाणी मावते. भिंतीवर हातभर नळी लावून भागत नाही ते यामुळेच. तिथे झाकणाचे पिंप जोडावे लागते.

टाकीत येणारा नळ वरून धबधब्यासारखा सोडू नका. तो तळापर्यंत नेऊन त्याचे तोंड वर वळवा, म्हणजे खाली बसलेला गाळ ढवळला जात नाही. उपसा शक्यतो पृष्ठभागाच्या किंचित खालून, तरंगत्या नळीने करावा. जादा पाणी बाहेर सोडणारा नळ आत येणाऱ्या नळाइतकाच जाड हवा, आणि दोन्ही तोंडांवर एक मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली जाळी हवी. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून फाटलेली जाळी त्याच दिवशी बदलावी. आणि कळकळीने सांगतो, बंद टाकीत एकट्याने उतरून सफाई करू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि त्याची आधी चाहूल लागत नाही.

प्रश्न : हे पाणी पिता येईल का?

उत्तर : जसेच्या तसे नाही. छतावर पक्ष्यांची विष्ठा असते आणि तिच्यातून पोटाचे विकार करणारे जंतू पाण्यात येतात. गाळून उकळल्याने जंतू मरतात, पण शिशासारखे धातू उकळून जात नाहीत. पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. स्वच्छ हवेतही त्याचा सामू ५.६ च्या आसपास राहतो, त्यामुळे शिशाचे सांधे किंवा जुना शिसेयुक्त रंग असलेल्या छतावरून ते धातू उचलते. अशा किंवा ॲस्बेस्टॉसच्या छताचे पाणी स्वयंपाकघरात आणूच नये. कपडे धुणे, फरशी पुसणे आणि शौचालय यांसाठी मात्र हे पाणी उत्तम असते, शिवाय ते मृदू असल्याने साबणही कमी लागतो. या टाकीचा नळ पिण्याच्या पाण्याच्या नळाला थेट कधीही जोडू नका.

प्रश्न : टाकीला जागाच नसेल तर?

उत्तर : तर पाणी मातीत साठवा. झाडांची आळी रुंद करा, त्यांत पालापाचोळ्याचे पाच ते आठ सेंटिमीटर आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. पन्हळीचे पाणी एखाद्या उथळ खळग्यात सोडता येते. तो घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर आणि उताराच्या बाजूला असावा. त्याआधी तिथे फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. पाणी जिरले की पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. पाणी तसेच साचून राहिले असेल, तर ती माती चिकण आहे आणि खळग्यासाठी दुसरी जागा शोधावी लागेल.