'नागरी नोंदणी' म्हणावे का?

नागपूरहून एका ताईंनी विचारले आहे: जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात हयात घालवलेली काही निवृत्त मंडळी आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या नोंदणी कर्मचाऱ्यांना शिकवायला जाणार आहेत. त्यांच्या पूर्वतयारीचे वर्ग नागपुरातच, मराठीतून आहेत आणि टिपणांच्या मथळ्यावरच गाडी अडली आहे. 'सिव्हिल रजिस्ट्रेशन अँड व्हायटल स्टॅटिस्टिक्स' (जन्म-मृत्यूसारख्या घटनांची सरकारी नोंद आणि त्यावरून निघणारी आकडेवारी) यासाठी कोणी 'नागरी नोंदणी व महत्त्वाची आकडेवारी' लिहिले, कोणी 'नागरिक नोंदणी', तर कोणी 'जीवनावश्यक आकडेवारी'. यातले काय ठेवावे?

ताई, सोपा भाग आधी उरकू. 'व्हायटल' म्हणजे इथे महत्त्वाचे नव्हे. हा शब्द लॅटिनमधल्या 'व्हिटा'वरून, म्हणजे जीवनावरून आला. 'व्हिटॅमिन'चेही मूळ तेच, म्हणून आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो. 'जीवनावश्यक' म्हटले की रेशनचे धान्य आणि केरोसीन डोळ्यांपुढे येते. आरोग्य खात्यात 'जीवनविषयक आकडेवारी' हा शब्द रुळलेला आहे, तो अचूकही आहे. तोच घ्या.

खरी अडचण 'सिव्हिल'ची. मराठीत 'नागरी' हा शब्द दोन कामे करतो. समान नागरी कायदा, नागरी हक्क, नागरी पुरवठा इथे एक अर्थ; नागरी सहकारी बँक, नागरी वस्ती, नागरी आरोग्य केंद्र इथे दुसरा, शहरी असा. आरोग्याच्या क्षेत्रात हा दुसरा अर्थच जास्त कानावर पडतो. रामटेक किंवा काटोल तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत निबंधक म्हणून ज्याने वर्षानुवर्षे जन्म-मृत्यू लिहिले, त्याला 'नागरी नोंदणी' हे महानगरपालिकेच्या झोन ऑफिसातले काम वाटले, तर चूक त्याची नाही. 'नागरी नोंदणी' सरकारी कागदांत सापडते, हे मान्य. पण वर्गात पहिल्याच मिनिटाला निम्म्या लोकांना परके करणारा शब्द मला नको वाटतो.

'नागरिक नोंदणी' तर कटाक्षाने टाळा. हिंदीत 'नागरिक पंजीकरण' चालते, म्हणून ते मराठीत उचलले गेले असावे. आपल्याकडे त्याचा अर्थ नागरिकांची यादी असाच लागेल. प्रत्यक्षात देशाच्या हद्दीत घडलेला प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवायचा, आईबाप कोणत्याही देशाचे असोत, हे या व्यवस्थेचे पायाभूत तत्त्व आहे. निर्वासितांच्या छावणीत बाळंत झालेल्या बाईला 'नागरिक' शब्द ऐकू आला, तर ती नोंदणीच्या टेबलाकडे फिरकणार नाही. शिकवणाऱ्याच्या डोक्यात शब्द चुकीचा बसला की शिकणाऱ्याच्या तोंडीही तोच जातो.

मुळात 'सिव्हिल' आले कुठून? युरोपात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी चर्चकडे असत. फ्रान्सने १७९२ मध्ये कायदा करून ही दप्तरे चर्चकडून काढून पालिकांकडे दिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. धर्मपीठाकडची नव्हे, शासनाकडची, असा विरोध त्या 'सिव्हिल'मध्ये भरलेला आहे. आपल्या भागात तो प्रसंगच बहुतांशी आला नाही. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्ममरणाची खबर पोलीस ठाण्यात पोचवत असे. आजही जातपडताळणीसाठी विदर्भातली माणसे 'कोतवाल बुकाची नक्कल' काढायला तहसीलीत जातात. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात त्याच कामाला 'गाव नमुना १४' शोधतात. आपल्याकडे नोंद पहिल्यापासून सरकारदरबारीच, मग तिला 'नागरी' म्हणून वेगळे काढायची गरज कुणाला पडणार?

मग नुसते 'जन्म-मृत्यू नोंदणी' का नको? देशात पुरेसे आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात जन्म, मृत्यू आणि उपजत मृत्यू (बाळ मृतावस्थेतच जन्मणे) एवढेच येते; विवाहनोंदणी वेगळ्या कायद्यांखाली होते. पण संयुक्त राष्ट्रांच्या यादीत विवाह, घटस्फोट, दत्तकविधान याही घटना आहेत आणि अनेक देशांत त्या एकाच कचेरीत नोंदवतात. म्हणून परदेशी जाणाऱ्यांसाठी माझी पसंती 'जीवनघटना नोंदणी व जीवनविषयक आकडेवारी' याला. शब्द थोडा नवा आहे, पण ऐकताक्षणी कळतो.

टिपणांचा जो मसुदा तुम्ही जोडलात, त्यातल्या दोन वाक्यांवर मात्र मथळ्यापेक्षा जास्त वेळ द्यावा, अशी विनंती. एक, 'गाव कोणते ते विचारा.' आपल्याकडे गाव विचारले की माणूस मूळ गाव सांगतो. भंडाऱ्याची लेक नागपूरच्या मेडिकलमध्ये बाळंत झाली, तर जन्म नागपुरात नोंदवला जातो, कारण नोंद घटना जिथे घडली तिथली. कुटुंब मात्र दाखल्यासाठी भंडाऱ्यात हेलपाटे घालते. 'बाळ कुठे जन्मलं?' असेच लिहा. त्या त्या देशातल्या भाषेतही हा फरक नीट उतरला का, ते तिथल्या कर्मचाऱ्यांकडून वदवून घ्या.

दोन, 'बाळाचे पूर्ण नाव व आडनाव लिहा.' आपल्याकडेच बारसे बाराव्या दिवशी, म्हणून नावाविना जन्म नोंदवता येतो आणि नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरता येते. घानातल्या अकान लोकांत बाळाला आठव्या दिवशी बाहेर आणून नाव ठेवायची रीत आहे. त्याआधी ते पाहुणे, राहील की जाईल कोण जाणे, अशी जुनी समजूत. असे बाळ तिसऱ्या दिवशी गेले, तर घरचे जन्मही सांगत नाहीत आणि मृत्यूही. ते जिवंत जन्मले असेल, एकदा जरी श्वास घेतला असेल, तर दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. हे आपल्या मंडळींना नवे नाही. आपल्या खेड्यांतही बारशाआधी गेलेल्या लेकराबद्दल कुणी आपणहून बोलत नाही, हळूच विचारावे लागते. आडनावाचे म्हणाल तर इथिओपियात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लागते, म्यानमारमध्ये आडनावच नसते आणि जावा बेटावर सुकर्णो, सुहार्तो अशी एकेरी नावे हीच पूर्ण नावे. तिथे आडनावाचा रकाना भरायचा हट्ट धरला, तर कर्मचारी काहीतरी लिहून मोकळा होईल आणि तेच मूल पुढे शाळेच्या दाखल्यावर वेगळ्या नावाने सापडेल.

'उपजत मृत्यू' तुम्ही बदलून 'मृत जन्म' केला आहे. तो होता तसाच ठेवा. आपल्या नोंदणी नमुन्यावर तोच छापलेला असतो आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या हाताला त्याची सवय आहे.