लॉग व्हिडिओमध्ये नॉइज (दाणे) येतोय? आधी एक्स्पोजर बघ
अरे, कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस, लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग) सावल्या मुळातच उचललेल्या, म्हणजे उजळ केलेल्या असतात म्हणून तिथला नॉइज डोळ्यात खुपतो. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये मिडल ग्रे (मधला राखाडी टोन) ४१ टक्के उजळपणावर बसतो, तू त्याच्या एक ते दीड स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) शूट कर, फक्त झेब्रा (जास्त उजळ भागावर स्क्रीनवर दिसणारे पट्टे) लावून हायलाइट, म्हणजे सर्वात उजळ भाग, जळत नाहीयेत ना ते बघत राहा, आणि ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) लट (LUT, रंग बदलणारा तयार तक्ता) लावायच्या आधीच्या नोडवर (ग्रेडिंगचा एक टप्पा) एक्स्पोजर खाली आण, नंतर नाही, लटने एकदा हायलाइट कापले की काही उपयोग नाही. बेस आयएसओ (कॅमेऱ्याची मूळ संवेदनशीलता) सोडू नकोस. डिनॉइज (नॉइज काढणं) पहिल्याच नोडवर, टेम्पोरल (अनेक फ्रेम्सची तुलना करून) आधी, स्पेशियल (एकाच फ्रेममध्ये) अगदी थोडं, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात. अंधारात सरळ लॉग बंद कर बाबा.