पोपची गाडी अन् मदरची लॉटरी

प्रश्न: आमचे आजोबा सांगायचे की पोप मुंबईला आलेले तेव्हा जाताना आपली गाडी मदर तेरेसांना देऊन गेले. आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतोय ही नुसती थाप आहे, वर हेही की या सिस्टर लोकांचं सगळं पोपच्याच पैशावर चालतं. खरं काय ते सांगा ना. (एक वाचक, कुर्ला)

उत्तर: आजोबा बरोबर होते. डिसेंबर १९६४, पोप सहावे पॉल युखॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी मुंबईत आलेले, ओव्हल मैदानावर तुफान गर्दी, आणि भारतात पाय ठेवणारे ते पहिलेच पोप, त्यामुळे नुसते कॅथलिकच नाही तर अख्खी मुंबई बघायला लोटलेली. भाषणात त्यांनी आपल्या 'असतो मा सद्गमय' प्रार्थनेचाही दाखला दिला. फिरायला पांढरी लिंकन कॉन्टिनेंटल होती, अमेरिकेतून भेट आलेली, ती जाताना मदरना दिली. आता मदर त्या गाडीचं करणार काय? त्यांनी सरळ लॉटरी काढली आणि जे पैसे जमले ते आसनसोलजवळच्या शांतीनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावले. बाई व्यवहाराला पक्क्या होत्या, नुसती गाडी विकली असती तर एवढे आले नसते.

पण गाडीची गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि खरी गोष्ट राहून जाते. पोपकडून या सिस्टरना मुख्य काय मिळतं तर मठाबाहेर राहून काम करायची परवानगी. पैसा नाही, तो लोक देतात. भायखळ्याचं आशादान हे या सिस्टरांचं घरच घ्या ना, ती जागा हिंदुस्थान लिव्हरने दिलेली, व्हॅटिकनने नव्हे.

आणि ही परवानगी म्हणजे नुसता रबर स्टॅम्प समजू नका. १५६६ मधे पाचवे पायस या पोपनी हुकूम काढला की व्रत घेतलेल्या बायकांनी मठाच्या भिंतीआडच राहायचं, संपलं. मग झोपडीत जाऊन आजाऱ्याचं अंग कोण पुसणार? फ्रान्समधे व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी १६३३ला डॉटर्स ऑफ चॅरिटी ही सेवा करणाऱ्या बायकांची संस्था काढली तेव्हा यातून पळवाट काढली ती अशी की कायमची जाहीर व्रतं घ्यायचीच नाहीत, दरवर्षी नव्याने घ्यायची, म्हणजे कागदावर त्या नन नाहीत आणि रस्त्यावर फिरायला मोकळ्या. मला तरी हे भारी डोकं वाटतं. अशा संघांना रोमने खऱ्या अर्थाने धर्मसंघ मानलं ते थेट १९०० मधे, पोप तेराव्या लिओंच्या काळात. म्हणजे अडीचशेवर वर्षं गरिबांची सेवा चालू होती ती रोमच्या नियमाला वळसा घालून, हे ग्रुपवरच्या त्या भाऊंना नक्की सांगा.

मदरचंही तेच, आधी त्या ज्या लोरेटो संघात नन होत्या त्याचा मठ सोडून वस्तीत राहायचं तर रोमची परवानगी हवी, ती १९४८ला बारावे पायस पोप असताना आली, तेव्हा कुठे त्या ऑगस्टमधे साडी नेसून बाहेर पडल्या. १९५०ला त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली पण तेव्हा तो कलकत्ता धर्मप्रांताचा संघ होता, वरिष्ठ म्हणजे तिथले आर्चबिशप. १ फेब्रुवारी १९६५ला पोप सहाव्या पॉल यांनी तो थेट पोपच्या अखत्यारीत घेतला आणि त्याच वर्षी व्हेनेझुएलात पहिलं परदेशी घर उघडलं. गाडी दिली म्हणून लगेच सहीपण झाली असं कोणी जोडत असेल तर जोडू नका, रोममधल्या फायली दोन महिन्यात हलत नाहीत. सरकारी ऑफिस काय आणि ते काय.

त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न: नंतरचे पोप कधी या सिस्टरांकडे स्वतः गेले का?

उत्तर: गेले ना. दुसरे जॉन पॉल ३ फेब्रुवारी १९८६ला कलकत्त्यात कालीघाटच्या निर्मल हृदय या मरणासन्न लोकांसाठीच्या घरात गेले, काही पेशंटना स्वतःच्या हाताने भरवलं. त्यानंतर आठवड्याभरात ते मुंबईतही होते, शिवाजी पार्कला मिस्सा म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना झाली, घरात कोणी मोठं असेल तर विचारा, आठवत असेल. मग मदरनी त्यांच्याकडे व्हॅटिकनमधेच जागा मागितली, आणि १९८८ला तिथे बेघर बायकांसाठी निवारा आणि गरिबांसाठी जेवणघर सुरू झालं, चालवायला मदरच्याच सिस्टर.