शिडाच्या बोटीवर आणि किनाऱ्यावरही वापरता येतील असे डेक शूज कसे निवडावेत?

एकाच जोडावर बोट आणि बाहेरची भटकंती दोन्ही भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागतं, पण त्यात सोलची वाट लागते. म्हणून दुकानात गेल्यावर आधी बूट उलटा करा, चामडं आणि रंग नंतर बघा.

डेक म्हणजे बोटीचा वरचा सपाट भाग. त्यावर घसरू नये म्हणून डेक शूजच्या सोलला ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळताना पाहिला आणि त्याच्या पंजावरच्या भेगांवरून १९३५ साली असा सोल तयार केला. पायाचा भार पडला की बुटाखालचं पाणी या चिरांतून बाजूला होतं आणि रबर थेट डेकवर टेकतं. सोल हाताने वाकवून बघा. चिरा उघडल्या तर ठीक. नुसत्या वरवरच्या रेघा असतील तर तो बूट फक्त दिसायला डेक शू आहे, ओल्या डेकवर त्याचा भरवसा धरू नका. रबर मऊ आणि डाग न पाडणारं हवं.

आता किनाऱ्याचं. वाळू आणि बारीक खडी नेमकी त्याच चिरांत जाऊन बसते. मग पकड कमी होते आणि ते कण डेकवर पॉलिश पेपरसारखे घासतात. बोट दुसऱ्याची असेल तर ती मंडळी नाराज होणारच. शिवाय डांबरी रस्त्यावर चालून चिरा झिजतात. वरचं चामडं अगदी छान दिसत असतं, सोल मात्र गुळगुळीत झालेला असतो. त्यामुळे नेहमी बोटीवर जाणार असाल तर दोन जोड घ्याच, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच परवडत असेल तर बोटीवर चढण्याआधी ब्रशने सोल साफ करा, दर वेळी.

चामड्याचा बूट बाहेर शोभतो, पण भिजला की लवकर वाळत नाही आणि खाऱ्या पाण्याने कडक होतो. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. छोट्या बोटीत पाय सतत पाण्यात राहणार असतील तर पाणी निघून जाणारा जाळीचा बूट बरा. पुढून बंदच हवा; पायाचं उघडं बोट क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) आपटलं की काय होतं ते सांगायला नको.

मापाला जरा घट्टच घ्या, चामडं वापरून सैल होतं. चवड्यावर उभं राहिल्यावर टाच बुटातून सुटता कामा नये. चामड्याची नाडी टाचेमागून फिरवलेली असेल तर ती ओढून आवळता येते का, तेही तिथेच बघून घ्या.